सिंगापूरला नातेवाइकांकडे राहायला जाताना: व्हिसापासून हॉकर सेंटरच्या टेबलापर्यंत

सिंगापूरला हॉटेलात उतरून पाच दिवसांत सगळं पाहून येणं सोपं आहे. मावशीकडे किंवा चुलतभावाकडे राहायला जाणं वेगळं. सुट्टी आपली असते, त्यांची नसते. आपल्याला सगळं नवं असतं आणि त्यांचा तो रोजचाच मंगळवार असतो.

माझी मावशी सिंगापूरच्या पूर्वेकडच्या टॅम्पनिस भागात मुलाबरोबर राहते. मावसभावाची बायको तिथलीच, चिनी घरातली. त्यांना दोन शाळकरी मुलं, आणि वहिनीचे आईबाबा पलीकडच्या ब्लॉकमध्ये. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याकडे १४ ठिकाणांची यादी होती. आठ दिवसांत त्यातली ११ पाहून झाली. निघताना विमानतळावर मावशी म्हणाली, "तू आलीस खरी, पण घरी बसलीस कधी?" ते मला फार लागलं. नंतरच्या तिन्ही खेपांना मी आधी कोणासोबत कुठे जेवायचं ते ठरवलं आणि ठिकाणं त्याच्या आजूबाजूला बसवली. जे काही शिकले ते त्याच क्रमानं लिहिते आहे.

तारखा त्यांना विचारून ठरवा

तिकीट स्वस्त मिळालं म्हणून आधी काढून मग कळवायचं, असं करू नका. घरात शाळकरी मुलं असतील तर सगळं त्यांच्या शाळेभोवती फिरतं. शाळा सकाळी साडेसातच्या आसपास भरते, म्हणजे घर सहाच्या आधी जागं. मोठी सुट्टी जूनमध्ये साधारण चार आठवडे, आणि मग नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबर संपेपर्यंत. मार्च आणि सप्टेंबरमध्ये एकेक आठवडा असतो. मुलांची वर्षअखेरची परीक्षा ऑक्टोबरच्या सुमारास येते. तेव्हा घरात पाहुणे नकोत, हे कोणी तोंडावर सांगणार नाही, आपणच विचारून घ्यायचं.

हवेचा विचार फारसा करावा लागत नाही. विषुववृत्त जेमतेम १३७ किलोमीटरवर, त्यामुळे बाराही महिने उकाडा आणि बाराही महिने पाऊस. सूर्य रोज सातच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस जास्त असतो एवढंच.

चिनी नववर्ष जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येतं. त्याच्या आदल्या रात्री चिनी कुटुंबं एकत्र जेवतात, आणि पुढचे काही दिवस खाण्याचे बरेच ठेले बंद असतात. नुसतं फिरायला जायचं असेल तर हे दिवस टाळा. पण आमच्यासारखी सोयरीक असेल आणि त्या जेवणाचं बोलावणं आलं, तर रजा वाढवून जा. जाताना संत्र्यांची जोडी न्यायची आणि दोन्ही हातांनी द्यायची.

किती दिवस राहावं? माझ्या मते दहा ते बारा दिवस. दोन शनिवार-रविवार हाताशी येतात, आणि सगळी नातेमंडळी एकत्र भेटतात ती त्याच दिवशी.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो. तो दोन वाटांनी मिळतो. एक, अधिकृत व्हिसा एजंटाकडून. दोन, तुमचा नातेवाईक सिंगापूरचा नागरिक किंवा कायम रहिवासी असेल आणि त्याचं वय २१ पूर्ण असेल, तर तो आपल्या सिंगपास (तिथल्या सरकारी डिजिटल ओळखीच्या) खात्यातून तुमचा अर्ज ऑनलाइन भरू शकतो. अर्ज प्रवासाच्या आधीच्या ३० दिवसांत करायचा. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा.

इथे अनेकांची एक गल्लत होते. व्हिसाची मुदत म्हणजे राहण्याची मुदत नव्हे. तुम्ही किती दिवस राहू शकता ते उतरल्यावर इमिग्रेशनवाले ठरवतात, आणि तो ई-पास तुमच्या ईमेलवर येतो. विमानतळावरून बाहेर पडायच्या आधी तो उघडून तारीख वाचा. आईवडिलांचा ईमेल तुम्हीच पाहत असाल तर त्यांचाही वाचा.

दुसरं म्हणजे एसजी अरायव्हल कार्ड. पोहोचण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं, प्रत्येकाचं वेगळं. ते पूर्ण मोफत आहे. सर्च केल्यावर पैसे मागणाऱ्या साइट्स आधी दिसतात. त्यांच्याकडे न जाता सरकारी इमिग्रेशन खात्याच्या साइटवर किंवा मायआयसीए अ‍ॅपवर भरा. त्यात राहण्याचा पत्ता लागतो, आणि तिथल्या पत्त्यात ब्लॉक नंबर, रस्ता, मजला-घर क्रमांक आणि सहा आकडी पिनकोड एवढं सगळं असतं. तो नातेवाइकांकडून लिहूनच मागवा.

प्रवास विमा घ्याच, विशेषतः ज्येष्ठ बरोबर असतील तर. पाहुण्याला तिथल्या दवाखान्याचा खर्च झेपण्यासारखा नसतो, आणि मग तो यजमानांच्या गळ्यात पडतो.

बॅगेत काय घालायचं, काय नाही

च्युइंग गम नेऊ नका. १९९२ पासून त्याच्या आयातीवर आणि विक्रीवर बंदी आहे. ई-सिगारेट, गुटखा, चघळायची तंबाखू यांपैकी काहीही नको. सिगारेटला ड्युटी-फ्री सवलतच नाही, पहिल्या काडीपासून कर लागतो.

खसखसही नेऊ नका, कारण तिचा संबंध अमली पदार्थांच्या कडक नियमांशी येतो. म्हणजे मावशीला आवडतात म्हणून डबाभर अनारसे निघाले असतील, तर ते राहू द्या आणि चकल्या न्या. मांसाचे पदार्थ घरचे असोत की पाकीटबंद, नेण्याच्या भानगडीत पडू नका. घरी खाण्यापुरता कोरडा शाकाहारी फराळ थोडा न्यायला हरकत नसते. कुठल्याही पदार्थाबद्दल शंका वाटली तर विमानतळावर कस्टम्सच्या लाल मार्गिकेत जाऊन स्वतःहून सांगा.

औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. झोपेच्या, चिंतेवरच्या काही गोळ्या आणि कोडीनचं खोकल्याचं औषध यांना तिथल्या हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीची आगाऊ परवानगी लागते. घरातल्या ज्येष्ठांच्या गोळ्यांची नावं महिनाभर आधी तपासा, कारण हे ऐनवेळी जमत नाही.

प्लग तिथे चौकोनी तीन पिनांचा असतो, ब्रिटिश पद्धतीचा. अ‍ॅडॅप्टर दोन न्या.

भेटवस्तूंबद्दल थोडं. सोयऱ्यांमध्ये चिनी कुटुंब असेल तर घड्याळ देऊ नका. चिनी भाषेत 'घड्याळ देणं' हे शब्द कानाला अंत्यसंस्काराच्या शब्दांसारखे लागतात. चार नगही देऊ नका, कारण चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दाजवळ जातो. भेट दोन्ही हातांनी द्यायची. ती तुमच्यासमोर उघडली नाही तर मनाला लावून घेऊ नका, तिथे नंतर उघडणं हीच सभ्यता आहे. शेजारी मलाय, म्हणजे बहुधा मुस्लिम, कुटुंब असेल तर शुद्ध शाकाहारी मिठाई बरी पडते, फक्त जिलेटिनचं काही नको.

घरात राहताना

बहुसंख्य लोक एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या फ्लॅटमध्ये राहतात. हे मंडळ १९६० साली सुरू झालं. घरं नीटनेटकी असतात, पण मोठी नसतात. चार पाहुणे आले की मुलांची खोली जाते. पहिल्याच दिवशी विचारून घ्या: अंघोळीची पाळी कोणाची कधी, वॉशिंग मशीन कोणत्या दिवशी, एसी किती वाजता लावायचा. वीज महाग आहे. बरीच घरं दिवसा पंख्यावर राहतात आणि एसी रात्रीपुरताच लावतात. दुपारी बाहेरून घामेजून आल्यावर हात रिमोटकडे जातो, तेव्हा हे आठवा.

कपडे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर लांब काठ्यांवर वाळत घालतात. चांगले पिळून घाला, खालच्या मजल्यावरच्यांचे वाळलेले कपडे भिजतात. खिडकीच्या कठड्यावर कुंडी, बाटली, पादत्राणं असं काहीही ठेवू नका. उंचावरून वस्तू पडणं हा तिथे गंभीर गुन्हा समजला जातो. नळाचं पाणी थेट पिता येतं, बाटल्या विकत आणायची गरज नाही.

आणि एक गोष्ट मी आवर्जून सांगते, कारण ती कोणी लिहीत नाही. अनेक घरांत राहून काम करणारी मदतनीस असते, तिला 'हेल्पर' म्हणतात. ती बहुतेक वेळा इंडोनेशिया, फिलिपिन्स किंवा म्यानमारहून आलेली असते, स्वतःचं घरदार सोडून. पाहुणे आले की तिचं काम दुप्पट होतं आणि तिला कोणी विचारत नाही. आठवड्याच्या सुट्टीचा तिला कायद्यानं हक्क आहे, आणि २०२३ पासून महिन्यातली निदान एक सुट्टी पैसे देऊनही रद्द करता येत नाही. तिची सुट्टी कधी ते पहिल्या दिवशी विचारा आणि त्या दिवशी जेवण बाहेर ठेवा. आपली ताटं आपण विसळा, आपली अंथरुणं आपण घाला. तिच्यासाठी काही आणायचं असेल तर आधी यजमानांना विचारा. तिला नावानं हाक मारा. माझ्या आईनं दुसऱ्या खेपेला हे सगळं केलं, आणि मावशीच्या घरात आमचं येणं एकदम हलकं झालं.

हॉकर सेंटर: नातेवाइकांना एका टेबलावर आणण्याची जागा

नात्यातल्या लोकांचं खाणं एकसारखं नसतं. कोणी शाकाहारी, कोणी अंडं खाणारं, कोणी हलालच खाणारं. वहिनीच्या आई बीफ खात नाहीत, त्यांच्याकडे बऱ्याच बौद्ध घरांत ते वर्ज्य असतं. रेस्टॉरंटमध्ये एवढ्यांना सांभाळताना एक तरी माणूस उपाशी उठतो. हॉकर सेंटरमध्ये एका छपराखाली पन्नास-शंभर ठेले असतात, टेबलं सगळ्यांची मिळून असतात, आणि ज्याला जे हवं ते तो आणतो. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना पाणी, गटारं आणि छप्पर असलेल्या जागा देऊन सरकारनं ही केंद्रं उभी केली. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोनं सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. देशभरात अशी शंभराहून जास्त केंद्रं आहेत.

मॅक्सवेल, लाउ पा साट, न्यूटन ही नावं कुठेही वाचायला मिळतील. जरूर जा. पण पहिलं जेवण यजमानांच्या घराजवळच्या केंद्रावर घ्या. तिथे त्यांना ओळखतात, आणि तिथे तुम्ही 'पाहुणे' म्हणून दाखवले जाता. त्याचं त्यांनाही अप्रूप असतं.

आमचं ठिकाण म्हणजे टॅम्पनिसचं राउंड मार्केट. रविवारी सकाळी साडेआठला गेलो तेव्हा आम्ही नऊ जण होतो. मावशीनं पर्समधून टिश्यू पेपरचं छोटं पाकीट काढून गोल टेबलावर ठेवलं आणि ती निघून गेली. मी म्हटलं, कोणी बसेल की! ती म्हणाली, "चोप केलंय." टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा धरली, हे सगळा देश पाळतो. मग सगळे पांगले. वहिनीचे बाबा माझ्या आईजवळ थांबले. त्यांना इंग्रजी थोडंच येतं, आईला त्यांची भाषा मुळीच नाही. तिथला नाश्ता म्हणजे काया टोस्ट: नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पांदान नावाच्या सुवासिक पानांचा घट्ट मुरंबा, त्यावर गार लोण्याची जाड कापटी. आई अंडं खात नाही. मी हे सांगायला उठले, तर वहिनीचे बाबा आधीच ठेल्यावर पोहोचले होते. परतले ते लोणी-साखरेचा टोस्ट आणि ताउ हुएची वाटी घेऊन. ताउ हुए म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं लुसलुशीत दही, वर साखरेचा पाक. वाटीवर हात ठेवून ते एवढंच म्हणाले, "नो एग. ईट, ईट." दोन वर्षांपूर्वी आईनं एकदा मान हलवून अंडं नाकारलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं.

शाकाहारी असाल तर पुढचं नीट वाचा, कारण फसगत दिसण्यावरून होते. चिकन राइसमधला नुसता भात मागितला तरी तो कोंबडीच्या चरबीत आणि पाण्यात शिजलेला असतो. लाक्सा या नूडल्सच्या रश्श्यात सुकी कोळंबी असते. रोजाक दिसतं फळांच्या कोशिंबिरीसारखं, पण त्यात कोळंबीची काळी चटणी कालवलेली असते. सांबल ही लाल चटणी बहुतेक वेळा बेलाचान घालून करतात, आणि बेलाचान म्हणजे आंबवलेली कोळंबी. 'कॅरट केक'मध्ये गाजर नसतं. ती तांदळाच्या पिठाची आणि मुळ्याची अंड्यात परतलेली वडी असते, आणि त्यात चरबी किंवा सुकी कोळंबी असू शकते. चार क्वे त्याव या नूडल्समध्ये डुकराची चरबी घालायची पद्धत आहे. नासी लमाकचा भात नारळाच्या दुधातला आणि सुरेख, पण वर तळलेले छोटे मासे आणि सांबल येतं.

मग खायचं काय? चिनी शाकाहारी ठेले शोधा. त्यांच्या पाटीवर 'सू' हे चिनी अक्षर असतं. ते यजमानांकडून एकदा कागदावर लिहून घ्या आणि फोटो फोनमध्ये ठेवा. तिथे 'वो छर सू' म्हटलं की पुरतं: मी शाकाहारी खातो. बौद्ध शाकाहारी ठेल्यांवर अनेकदा कांदा-लसूणही नसतो. चिनी पंचांगाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथे गर्दी असते, कारण अनेक लोक त्या दोन दिवशी शाकाहार पाळतात. हे आईला इतकं ओळखीचं वाटलं की त्या दिवसापासून वहिनीच्या आई आणि ती 'आपल्या उपासाचे दिवस' म्हणून एकमेकींना फोनवर फोटो पाठवतात. मांस-मासे कापल्यासारखं दिसणारं काही ताटात आलं तर दचकू नका, ते सोया किंवा गव्हाचं असतं. रोटी प्राटा (तिथला पराठा) साधा मागा आणि बरोबर वरण मागा, कारण आपसूक मिळणारी करी माशाची किंवा मटणाची असू शकते. गोडात चेंदोल आणि आइस काचांग हे बर्फाचे गोड पदार्थ बिनधास्त घ्या, उसाचा रस लिंबू पिळून घ्या.

कॉफीची तर तिथे स्वतःची परिभाषा आहे. 'कोपी' म्हटलं की कंडेन्स्ड दूध घातलेली. 'कोपी ओ' म्हणजे साखरेची काळी. 'कोपी सी' म्हणजे इव्हॅपोरेटेड (बिनसाखरेचं आटवलेलं) दूध आणि साखर. पुढे 'कोसोंग' जोडलं की बिनसाखरेची, 'सिउ दाई' म्हटलं की कमी गोड, 'पेंग' म्हटलं की बर्फाची. चहाला कोपीच्या जागी 'ते' म्हणायचं. मधुमेह असलेल्यांनी 'ते सी कोसोंग' पाठ करावं. विक्रेत्यांना अंकल, आंटी म्हणतात. तुम्हीही म्हणा.

खाऊन झाल्यावर ट्रे आणि भांडी आपण परत ठेवायची. हॉकर सेंटरमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून ते सक्तीचं आहे. रॅक दोन असतात, हलाल आणि बिगरहलाल, आणि ट्रे चुकीच्या रॅकवर ठेवू नका. मलाय शेजाऱ्यांसाठी ही फार महत्त्वाची बाब आहे. टेबल मोकळं सोडून गेलात तर साळुंक्या क्षणात ताटावर येतात, म्हणून एक जण बसलेला हवाच.

एका माणसाचं पोटभर जेवण साधारण ४ ते ७ डॉलरमध्ये होतं. रोकड जवळ ठेवा, सगळे ठेले परदेशी कार्ड घेत नाहीत. बरेच ठेले सोमवारी बंद असतात, आणि प्रत्येक केंद्र वर्षातून काही वेळा साफसफाईसाठी पूर्ण बंद राहतं. नऊ जणांना घेऊन जाण्याआधी बंदच्या तारखा पाहा.

एक संध्याकाळ तुमच्या हातची

रोज त्यांचं खायचं आणि परत यायचं, हे मला बरोबर वाटत नाही. एक रात्र स्वयंपाक आपण करावा. शनिवारची ठेवा, म्हणजे सोयरेही येतात.

सामान इथून वाहून नेऊ नका. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरच्या बाजारात कढीपत्ता, खोवलेला नारळ, शेवग्याच्या शेंगा, कोथिंबीर, सगळं ताजं मिळतं. भाजीबाजार सकाळचा असतो, दुपारपर्यंत आटोपतो. पोळपाट-लाटणं घरात असेलच असं नाही. वोक (चिनी कढई) आणि राइस कुकर मात्र बहुधा असतात. म्हणून पोळ्यांच्या नादी न लागता वरण-भात, मटारची उसळ, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर असा बेत करा. दाण्याचं कूट त्यांच्या ओळखीचं आहे, साते म्हणजे काडीवर भाजलेल्या मांसाबरोबरच्या चटणीत तेच असतं. पण कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी नाही ना, ते आधी विचारा. दूध-दही अनेक चिनी ज्येष्ठांना पचत नाही, तेव्हा कोशिंबीर लिंबाची करा. आग्रह एकदाच करा. ताटात टाकलेलं संपवणं त्यांच्याकडेही सभ्यतेत मोडतं, आणि आपल्या दुसऱ्या वाढणीनं त्यांची पंचाईत होते.

फिरायला: एकट्यानं काय, सगळ्यांनी काय

मोठ्या तिकिटांची आणि दिवसभराची ठिकाणं तुम्ही कामाच्या दिवशी एकट्यानं करा. घरच्यांनी ती दहा वेळा, दहा पाहुण्यांबरोबर पाहिलेली असतात. मांडाईचं प्राणिसंग्रहालय, नाइट सफारी, २०२३ मध्ये उघडलेलं बर्ड पॅराडाइस, गार्डन्स बाय द बेमधली काचघरं, सेंतोसा बेट हे सगळं या गटात. मुलं स्वतःहून येतो म्हणाली तर गोष्ट वेगळी.

शनिवार-रविवारी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून करायच्या गोष्टी वेगळ्या. बोटॅनिक गार्डन्स ही १८५९ सालची बाग २०१५ मध्ये जागतिक वारसा ठरली. प्रवेश मोफत, पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत उघडी. सकाळी सातला ज्येष्ठांना घेऊन जा, दहाच्या आत परत या. आतल्या ऑर्किड बागेला तेवढं तिकीट आहे. गार्डन्स बाय द बेमधला उंच कृत्रिम झाडांवरचा दिव्यांचा खेळ रोज पावणेआठ आणि पावणेनऊला असतो आणि तोही मोफत. पाठीवर लोळून पाहायचा, म्हणून सतरंजी न्या. जवळच मरीना बराज हे धरण आहे. त्याच्या गवताळ छतावर संध्याकाळी पतंग उडवतात, आणि घरातल्या मुलांना मामा-मावशीबरोबर पतंग उडवण्याइतकं सुख दुसरं नाही.

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे पुलाउ उबिन हे बेट. टॅम्पनिसहून २९ नंबरची बस चांगी व्हिलेजला जाते. तिथल्या धक्क्यावरून लाकडी बोट सुटते. वेळापत्रक नाही, १२ माणसं झाली की ती निघते. आम्ही सोयऱ्यांसह बरोबर १२ जण जमलो होतो. बोटवाल्या अंकलनी मोजलं, हसले आणि लगेच दोर सोडला. बेटावर भाड्याच्या सायकली मिळतात, चेक जावाची पाणथळ जागा आहे, लाकडी पायवाट आहे, आणि सिंगापूर उंच इमारतींचं व्हायच्या आधी कसं होतं ते वहिनीच्या बाबांनी आम्हाला तिथे दाखवलं, मुलीला भाषांतर करायला लावून. पाणी, टोपी, डासांचं मलम न्या. रानडुकरं आणि माकडं दिसतात, त्यांना काहीही खायला देऊ नका, कायद्यानं मनाई आहे. अंधाराच्या आत परत फिरा. आलात की धक्क्याशेजारच्या चांगी व्हिलेज हॉकर सेंटरमध्ये जेवा.

मेट्रोला तिथे एमआरटी म्हणतात. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड दाखवून आत जाता येतं, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं आणि बाहेर पडतानाही तेच दाखवायचं. बसमध्येही उतरताना दाखवा. गाडीत खाणं-पिणं बंद आहे, घोटभर पाणीसुद्धा नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत होतो. ड्युरियन हे उग्र वासाचं फळ गाडीत नेता येत नाही. सरकते जिने आपल्यापेक्षा वेगानं चालतात. ज्येष्ठांना लिफ्टनंच न्या, आमच्या आईचा पहिल्याच दिवशी तोल गेला होता. दुपारी विजांचा पाऊस येतोच, छत्री बॅगेत असू द्या.

पैशांचं आधीच बोला

बिलावरून ओढाताण दोन्ही घरांत होते, आणि शेवटी यजमानांना भुर्दंड पडतो. आम्ही आता जायच्या आधीच मावसभावाला सांगतो: आठवड्याचा भाजी-किराणा आमचा, आणि एक रेस्टॉरंटचं जेवण आमचं. त्यानं दोन्हीकडचा मान राहतो. रेस्टॉरंटच्या मेन्यूत किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असतील तर वर १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के जीएसटी लागतो, तो हिशेबात धरा. वेगळी टिप द्यायची पद्धत नाही. बिल तुम्हाला द्यायचं असेल तर जेवण संपायच्या आधी हात धुवायला म्हणून उठा आणि काउंटरवर देऊन या. वहिनीचे बाबा हे माझ्याआधी तीनदा करून बसले आहेत.

निघताना

परतीच्या दिवशी नातेवाईक पोहोचवायला येणारच. त्यांना चांगी विमानतळाच्या ज्युएल या इमारतीत बोलवा, टर्मिनलच्या दारात ताटकळत ठेवू नका. २०१९ मध्ये उघडलेल्या या इमारतीत ४० मीटरचा धबधबा छतातून कोसळतो, बसायला जागा आहे, खायला आहे. दोन तास जास्तीचे ठेवा.

आणि सोयरे हमखास कायाची बरणी हातात देतील. ती हातातल्या बॅगेत घालू नका, १०० मिलिलिटरच्या वरचा मुरंबा सुरक्षा तपासणीत काढून घेतात. मोठी बॅग देऊन टाकण्याआधी तिच्यात एक कोपरा मोकळा ठेवा, दोन जुने टॉवेल वर ठेवा, आणि बरणी त्यात गुंडाळून मधोमध बसवा.